फांदी कुणी निवडली?

नव्या गृहसंकुलांच्या माहितीपत्रकात मुलांच्या खेळण्याची जागा हमखास असते. एक घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ, खाली रबराची रंगीत फरशी, भोवती कंबरेएवढं कुंपण आणि कुंपणाला पाटी. झाडावर चढू नये, बॉल खेळू नये, सायकल आणू नये, आरडाओरडा करू नये. आठ वर्षांचं मूल अशा जागी दहा मिनिटांत कंटाळतं. मग ते घसरगुंडीवर उलट्या बाजूने चढू लागतं, झोक्याच्या साखळीला पीळ देऊन गरगर फिरतं, कठड्यावरून तोल सांभाळत चालतं. वॉचमनकाका शिट्टी फुंकतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काही मुलांच्या वर्तनाबाबत’ निरोप येतो.

खरं तर मूल वांड नसतं. त्या वयाला जे हवं असतं तेच त्या जागेतून काढून टाकलेलं असतं, म्हणून ते आहे त्या साहित्यातून ते शोधत असतं. उंची, वेग, तोल जाण्याची शक्यता, आणि ‘जमेल की नाही’ हा पोटात गोळा आणणारा प्रश्न.

ही गोष्ट कार्ल थिओडोर सोरेन्सन या डॅनिश उद्यानरचनाकाराच्या फार पूर्वी लक्षात आली होती. त्याने आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांकडे पाठ फिरवून मुलं बांधकामाच्या जागी, भंगाराच्या ढिगात रमतात, हे तो पाहत होता. आपल्या कामाचा असा पराभव उघड्या डोळ्यांनी पाहणारे रचनाकार थोडेच. सोरेन्सनने त्यातून धडा घेतला आणि १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे पहिलं ‘भंगार मैदान’ उघडलं. तिथे घसरगुंडी नव्हती. फळ्या, विटा, दोर, जुनी चाकं, हातोडे, फावडी आणि माती होती. मुलं खड्डे खणायची, झोपड्या उभारायची, पाडायची, पुन्हा उभारायची. जॉन बर्टेलसन हा तिथला पहिला देखरेख करणारा. सामान पुरवायचं, मुलांनी विचारलं तर मदत करायची, एरवी लुडबुड करायची नाही, एवढंच त्याचं काम. १९४६ मध्ये इंग्लंडच्या लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड यांनी ते मैदान पाहिलं आणि मायदेशी परतून बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर तशीच मैदानं उभी राहावीत यासाठी रान उठवलं. टोकियोच्या सेतागाया भागातलं हानेगी प्लेपार्क १९७९ पासून याच वाटेवर चालतं. तिथे मुलं चूल पेटवतात, करवत चालवतात. तिथलं ब्रीद असं की, स्वतःच्या जबाबदारीवर मोकळेपणाने खेळावं.

मुलं नेमकं काय शोधतात, याची पद्धतशीर मांडणी नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी केली. ट्रॉन्डहाइमच्या या प्राध्यापिकेने बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण केलं, त्यांच्याशी संवाद साधला आणि २००७ मध्ये धाडसी खेळांचे सहा प्रकार सांगितले: उंचीचे, वेगाचे, धारदार किंवा जड हत्यारांचे, पाणी-आगीजवळचे, झोंबाझोंबीचे आणि मोठ्यांच्या नजरेआड जाण्याचे. ज्यांनी मे महिना आजोळी काढला आहे त्यांना ही यादी वाचून हसू येईल. झाडावर सूरपारंब्या, उतारावरून हात सोडून सायकल, विळ्याने तासलेली विट्टी, विहिरीतला सूर, गवताच्या गंजीवरची कुस्ती आणि भर दुपारी सगळे झोपले असताना नदीकडे काढलेला पळ. सहाही प्रकार एका सुट्टीत आटोपायचे.

या सगळ्यात भीती असते, आणि भीती असते म्हणूनच मजा असते. पण सँडसेटर यांचं अधिक महत्त्वाचं म्हणणं पुढे आहे. मूल स्वतः खेळत असतं तेव्हा भीतीची मात्राही तेच ठरवतं. आज पहिल्या फांदीपर्यंत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. पाय लटपटले की खाली. धीर आला की पुन्हा वर. भीतीच्या विकारावर मानसोपचारतज्ज्ञ जे उपचार करतात त्यांतही रुग्णाला भीतीच्या कारणासमोर असंच थोडंथोडं नेलं जातं. मूल ते फी न भरता करतं. सँडसेटर आणि त्यांचे सहकारी लाइफ केनेअर यांनी २०११ मध्ये मांडलं की, वयाबरोबर काही नैसर्गिक भीती आपोआप येतात आणि अशा खेळांतून मूल त्या ओलांडतं. ती संधी मिळाली नाही तर त्या मुरण्याचा धोका असतो.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास त्यांच्या जन्मापासून चालू आहे. १९९८ मध्ये त्यातून एक चक्रावणारी गोष्ट समोर आली. पाच ते नऊ या वयात पडून इजा झालेल्यांना अठराव्या वर्षी उंचीची भीती जास्त असेल, असं कुणालाही वाटेल. आढळलं उलटं. ज्यांना अठराव्या वर्षी उंचीची भीती नव्हती, त्यांच्यातच लहानपणी पडून दुखापत झालेले अधिक होते. पडल्यामुळे भीती गेली, असा याचा सरळ अर्थ लावता येणार नाही. कदाचित मुळातच निडर मुलं जास्त चढत असतील. पण ‘एकदा पडला की कायमचा धसका घेईल’ हा पालकांचा ठाम समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

आत्मविश्वास हा शब्द हल्ली शिबिरांच्या जाहिरातींनी फार झिजवला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणायला शिकवतात. सूरपारंब्यांत मुलाला हे म्हणायला सवडच नसते. जमिनीवर वर्तुळ काढलेलं, त्यात काठी. एक गडी पाय उचलून त्याखालून काठी लांब भिरकावतो. ज्याच्यावर राज्य आहे तो ती आणायला धावतो आणि तेवढ्यात बाकीचे सगळे झाडावर. तो परत येऊन काठी वर्तुळात ठेवतो आणि वर चढून कुणाला तरी शिवायला बघतो. वरच्यांनी त्याला चकवून, पारंबीला लोंबकळून खाली यायचं आणि काठी गाठायची. एवढ्या वेळात डोक्यात किती हिशेब होतात! ही पारंबी आपलं वजन पेलेल का, उडी किती उंचीवरून, खाली दगड आहे की माती, तो गडी कुठल्या बाजूने येतोय, मित्राने हूल दिली ती खरी की खोटी. हात, पाय, डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव एकाच वेळी कामाला लागतात.

शिवाय झाडं कळतात. शेवगा ठिसूळ, त्याच्या नादी लागायचं नाही. जांभळाची फांदी दिसते दणकट, पण दगा देते. चिंच चिवट. आंब्याला हात घालण्याआधी मुंगळे बघायचे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर चप्पल घालून जायचं नाही. हे ज्ञान पाटीवर लिहून कुणाला देता येत नाही. ते तळहाताला खरचटून येतं आणि नंतर जिन्यात, लोकलच्या दारात, ट्रेकच्या कातळावर, पार चाळिशीतही उपयोगी पडतं.

धाडस म्हटलं की लोकांना उंची आठवते. पण काहीतरी उभारणं, ते कोसळणं आणि पुन्हा उभारणं हेही धाडसच. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये लिहिलं की, एखाद्या जागेत मुलं किती कल्पक होतील हे तिथल्या सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तूंवर ठरतं. महाराष्ट्रातल्या मुलांना हा सिद्धान्त कुणी शिकवला नव्हता, तरी दर दिवाळीत अंगणाअंगणात ती तो सिद्ध करत आली आहेत. किल्ला! दगड-विटा कुठून तरी उचलून आणायच्या, त्यावर ओलं गोणपाट, वर चिखल. बुरूज ढासळतो. भांडण होतं. ‘तुझाच पाया कच्चा होता’ असं एकमेकांना सुनावून झालं की नवा बुरूज चढतो. डोंगरउतारावर अळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवळ, मग मावळे, आणि वर सिंहासनावर महाराज. दहा वर्षांची पोरं वाटाघाटी, मजुरी आणि स्थापत्य एकदम शिकतात. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. दहा मिनिटांत काम तमाम, हात स्वच्छ. विकणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? चिखलाचे हात घरात नकोत म्हणणारे आपणच.

धाडस आणि थरार यांत गल्लत होते. दहीहंडीवर न्यायालयात झालेला वाद हे त्याचं ठळक उदाहरण. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या मुलांना थरांत घ्यायला मनाई केली आणि उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. पुढे २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली, पण चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली. त्या वेळी अनेकांनी गळा काढला की, मुलांचं धाडस मारलं जातंय. पण सातव्या-आठव्या थरावर चढवलेलं ते हलकं पोर तिथे का असतं? ते हलकं आहे म्हणून, खाली बक्षिसाची रक्कम जाहीर झालेली आहे म्हणून आणि मंडळाची इभ्रत पणाला लागलेली आहे म्हणून. ‘आज नको, पाय लटपटतायत’ असं म्हणायची मुभा त्याला नसते. थर खालून कोसळला तर त्यात त्याची चूकही नसते. इथे धोका मुलाचा आणि निर्णय मोठ्यांचा. आंब्याच्या झाडावर दोन्ही मुलाचे.

उन्हाळी ‘अ‍ॅडव्हेंचर कॅम्प’कडेही याच चष्म्यातून पाहायला हवं. हार्नेस, हेल्मेट, पोलादी दोर, मागून हलका धक्का, झिपलाइनवरून सूं... आणि शेवटी प्रमाणपत्र. मुलाला मजा येते, येऊ द्यावी. सुरक्षेची साधनं तर हवीतच. मात्र त्या तीस सेकंदांत मुलाने ठरवलं काय? कमरेच्या पट्ट्याने सगळा विचार त्याच्या वतीने करून टाकलेला असतो. त्याउलट शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात रोज संध्याकाळी मल्लखांबावर घसरणारं, पुन्हा पकड घेणारं मूल पाहावं. शेजारी शिक्षक उभा असतो, मॅट असते, पण पकड त्या मुलालाच घ्यावी लागते. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली, ती अशा हजारो संध्याकाळींच्या जोरावर.

‘हे सगळं ठीक, पण हात मोडला तर?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही. कधीतरी मोडेल. लहान मुलांची हाडं लवचीक असतात, बहुधा काही आठवड्यांत जुळतात, पण ते आठवडे आई-बापाला जड जातात हे खरं. म्हणूनच त्या जोखमीच्या बदल्यात मुलांना काय मिळतं, हे आकड्यांत आणि अनुभवात तपासायला हवं. न्यूझीलंडमधल्या सोळा शाळांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी मधल्या सुट्टीचे नियम सैल केले, झाडावर चढू दिलं, मैदानात सुट्या वस्तू आणून टाकल्या. तिथली मुलं शाळेत अधिक आनंदी असल्याचं सांगू लागली, जास्त मुलांबरोबर खेळू लागली. दोन वर्षांनी त्यांनी ढकलाढकली वाढल्याचंही सांगितलं, पण शिक्षकांकडे तक्रार घेऊन जाण्याचं प्रमाण मात्र घटलं. शिक्षकांना दांडगाई वाढल्यासारखी वाटली. मुलांना तसं वाटलं नाही. या तफावतीतच सगळी गोम आहे.

कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये धाडसी मैदानी खेळांना पाठिंबा देणारी भूमिका जाहीर केली. त्याआधी २०१२ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे कारखान्यांतल्या अपघातांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानेच, स्पष्ट केलं की खेळातला धोका शून्यावर आणणं हे ध्येय नाही. सुरक्षेचा पगार घेणारे लोक असं म्हणतात तेव्हा ऐकायला हवं.

अर्थात धोक्या-धोक्यांत फरक असतो. झाडाची उंची मुलाला दिसते, समजते, तिच्याशी त्याला झगडता येतं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं तसं नसतं. वरून ते शांत पाणी दिसतं. पण उतारावरचं प्लास्टिक इतकं निसरडं की, आत गेलेल्या मोठ्या माणसालाही धरायला काही सापडत नाही. तिथे मुलाच्या कौशल्याची परीक्षा होत नाही, सरळ सापळा लागतो. अशा तळ्याला कुंपण, काठाला बांधलेले दोर, पाण्यात टायरची ट्यूब हवीच, आणि ती नसेल तर मालकाला जाब विचारायला हवा. उघडी वीजतार, कोरड्या विहिरीचा मोडका कठडा, झाकण नसलेलं गटार हे सगळं याच वर्गातलं.

सगळ्यांत मोठा सापळा रस्ता. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मोजलं होतं: १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात, १९९० मध्ये ९ टक्के. दरम्यान मुलं भित्री झाली नव्हती, मोटारी वाढल्या होत्या. पुण्या-नाशकात आज हेच घडतं आहे. मुलांना घरात कोंडून रस्ते सुरक्षित होत नाहीत. ते फक्त मोटारींसाठी अधिक मोकळे होतात.

पाण्याच्या धोक्यावरचा उतारा मात्र पाण्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षा शिकवण्याची शिफारस करते. बांगलादेशातल्या खेड्यांत गावतळ्यातच बांबूची चौकट रोवून मुलांना पोहायला शिकवलं गेलं आणि शिकलेल्यांत बुडण्याचं प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलं. साने गुरुजींच्या श्यामला पोहायला पाठवताना त्याच्या आईने हाती शिंपटी घेतली होती. शिंपटीचं समर्थन आज कुणी करणार नाही. पण त्या माउलीची काळजी कुठली होती, हे बघण्यासारखं आहे. मुलगा विहिरीत उतरतोय याची नव्हे, लोक त्याला भित्रा म्हणतील याची. आणि विहिरीत पोहणारी जाणती माणसं होती, हेही विसरू नये.

मुलींच्या बाबतीत ही मोकळीक आणखी लवकर आटते. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून माहेरवाशिणी फांदीला पाय लावायच्या. फुगडीत गरगरून भोवळ येईपर्यंत वेग घ्यायच्या. आता नऊ-दहा वर्षांच्या मुलीला ‘फ्रॉक सांभाळ, पाय दिसतील’ हे आधी ऐकवलं जातं आणि मग कॉलेजात तिचा आत्मविश्वास वाढावा म्हणून कार्यशाळा भरवली जाते. हाच खर्च एका दोरावर केला असता तर!

उलट बाजूही आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या पालावर वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला धोका भरपूर येतो, खेळ येत नाही. कोयता त्यांच्या हातात असतो, पण तो गंमत म्हणून नव्हे. त्यांना अधिक धाडसी व्हा असं सांगणं ही क्रूर थट्टा ठरेल. अशा कामाला जुंपलेल्या मुलांचा विचार बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी केला होता. बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाई, आणि दगड, पानं, बिया हेच साहित्य असे. बाहेरचं जग हीच शिकण्याची जागा, हा विचार मराठी बालशिक्षणाला परका नाही. तो आपणच गुंडाळून ठेवला.

मग करायचं काय? फार पैसा लागत नाही. सोसायटीत एखादं दणकट झाड असेल तर त्याच्या खालच्या फांद्या छाटू नयेत. माळ्याने महिन्यातून एकदा वाळलेल्या फांद्या, गांधीलमाशांचं पोळं, जवळून जाणारी वीजतार तपासावी. कोपऱ्यात मातीचा ढीग, चार टायर, बांबू, दोर आणि ताडपत्री ठेवावी. मुलाला उचलून फांदीवर बसवू नये, हा एक नियम मात्र कडक पाळावा: ज्याला स्वतः चढता येत नाही त्याला उतरताही येत नाही. आणि ‘अरे पडशील!’ असं खालून ओरडण्याऐवजी ‘आता पाय कुठे ठेवणार?’ असं विचारावं. पहिल्या हाकेने मूल दचकतं, दुसऱ्या हाकेने पायाखाली बघतं.

शाळांची अडचण वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत मैदान आहे, पण मैदानावर काय होऊ द्यायचं हे मुख्याध्यापकांच्या छातीवर अवलंबून. एक मूल पडलं की चार पालक कार्यालयात येऊन उभे राहतात, तेव्हा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बंदी. ही बंदी पालकांच्या धाकानेच आली आहे, त्यामुळे ती उठवणंही पालकांच्याच हाती आहे. ‘किरकोळ खरचटलं तर आम्ही तक्रार करणार नाही’ असं पालकसभेने लेखी दिलं तर अर्धी भीती तिथेच संपेल. मुंबईसारख्या शहरात, जिथे माणशी मोकळी जागा जेमतेम चटईएवढी आहे, शाळा सुटल्यावर कुलूपबंद होणारी मैदानं ही उधळपट्टी आहे. महापालिकेने निदान आपल्या शाळांची मैदानं संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुली करावीत.

जूनमध्ये शाळांच्या पालकसभा होतात. वह्या, गणवेश, बसचा मार्ग आणि परीक्षांचं वेळापत्रक यांवर तासभर चर्चा होते. यंदा त्यातली पाच मिनिटं मागून घ्या आणि विचारा: मधल्या सुट्टीत मुलं किती वेळ उघड्यावर असतात, त्यांना पळू दिलं जातं का, आणि मैदानाचं फाटक किती वाजता बंद होतं? उत्तर पटलं नाही, तर शेजारच्या खुर्चीवरच्या पालकाला सोबत घेऊन तोच प्रश्न लेखी द्या.